त्रेचाळीस हरकती, मोजली एक

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

त्रेचाळीस हरकती लिहिल्या मी. त्रेचाळीस! बोटं वाकडी झाली. आणि आज दवाखान्याच्या दारावर कागद लावला — "प्राप्त हरकती : एक." एक म्हणे! बाकीच्या बेचाळीस बाया काय वाऱ्यानं उडाल्या?

वस्तीतला दवाखाना उचलून पार बायपासकडं नेऊन राहिले. तिथं नवी इमारत आहे म्हणतात. असंल. पण रूळ ओलांडून चार किलोमीटर कोण जाईल? शेजारची दुर्गाबाई जाईल? तिले साखर आहे, उजव्या पायाले जखम आहे, दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलावी लागते. आता भिंतीले हात लावत लावत जाते, कारण दवाखाना वीस घरं पुढं आहे.

सरकारनंच विचारलं होतं — कोणाची हरकत असंल तर लेखी द्या. दिली. प्रत्येकीची वेगळ्या कागदावर, प्रत्येकीचा अंगठा नाहीतर सही. जुलैत मी अन् दुर्गाबाई दोघी हापिसात जाऊन देऊन आलो. ती अर्ध्या रस्त्यात दोनदा बसली. त्रेचाळीस कागदांची पोच आहे माझ्याजवळ, शिक्क्याची.

दुर्गाबाई म्हणते, "सुंदराबाई, त्या एकात मी हावो का तू?" आणि हसली नालायक. मले हसू आलं नाही.

१२ ऑगस्ट

हापिसात गेली. खिडकीवर ललित नावाचा बाबू. बोलायले बरा आहे, पण मोबाइलातून डोकं वर काढत नाही.

"आजी, तुमच्या हरकती सिस्टिमनं एकत्र केल्या."

"सिस्टिम कोण? कुठं बसते?"

"कोणी नाही हो. एआय आहे ते. कागद स्कॅन होऊन अमरावतीच्या मोठ्या हापिसात जातात. तिथं मशीन वाचते. कागद सारखे असले तर एकच धरते."

"अन् सही कोणाची?"

"आता सही नाही लागत."

बाजूचा एक जाडा म्हणतो, "आजी, मशीनसंग भांडता का?" सारे हसले. मी म्हटलं, "भांडली असती बापा, पण तिले तोंड कुठं हाय? तुमाले हाय, तर तुमी ते हसायलेच ठेवलं."

ललितनं कागद दाखवला. "मजकूर एकसारखा. हस्ताक्षर एकसारखं. नकला : ४२."

नकला! म्हणजे मी कॉपी मारली. चौथीत शाळा सुटली माझी, पण त्या चार वर्षांत कोणाच्या पाटीत डोकावून पाहिलं नाही.

१३ ऑगस्ट

हात एक, हे खरं आहे. मजकूर एक, हेही खरं आहे. काहून एक, ते मशीनले कोण सांगणार?

सव्वीस वर्षं एका सरकारी हापिसात झाडू-पाणी केलं मी. तिथं खुशालराव म्हणून मोठे बाबू होते. एक दिवस एक बाई आली, नवरा मेलेली. चार पानं लिहून आणली तिनं. तो कसा गेला, पाणी कसं मागत होता, पोरं कशी झोपली होती, सारं. खुशालरावांनी पहिलं पान पाहिलं आणि परत दिलं — योग्य नमुन्यात नाही. ती पायरीवर बसून रडली. मी पाणी दिलं तिले. मग खुशालराव मले म्हणाले, "सुंदराबाई, सरकारले रडनं वाचता येत नाही. वर विषय. खाली महोदय. मग 'वरील विषयास अनुसरून'. शेवटी 'तरी मेहेरबानी करून'. एक शब्द इकडंतिकडं नको." वाईट नव्हता तो माणूस. त्या बाईचा अर्ज त्यानंच लिहून दिला, आठ ओळींत. मंजूर झाला.

मी ते पाठ केलं. तेव्हापासून वस्तीतल्या बाया माझ्याकडं येतात. रेशन, दाखला, नळ, काहीही. तीस वर्षांत एक अर्ज परत नाही आला! सारखं लिहिलं म्हणूनच चालला. आणि आता सारखं लिहिलं म्हणून अडला. शिकवलं कोणी? तुम्हीच ना!

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडा झाला. विहारात चहा होता. सुभद्रा बसली होती तिथं मी गेली, तर उठून दुसरीकडं बसली. मागून ऐकू आलं — "सुंदराबाईनं एकच लिहून त्रेचाळीसदा उतरवलं, म्हणून गेला दवाखाना."

चहा पिला आणि आली. गोड होता फार.

१७ ऑगस्ट, रविवार

रश्मीचा फोन. दर रविवारी करते. माझी नात, माझा पोरगा धर्मेंद्र, त्याची मोठी. तो पुण्याले असतो, महिन्यातून एकदा विचारतो बीपी किती आहे म्हणून. रश्मी बारावीपर्यंत माझ्याजवळ होती. माझ्याच हाताखाली बाराखडी गिरवली तिनं. आता अमरावतीले त्याच मोठ्या हापिसात आहे — आणि या एआयचंच काम तिच्याकडं आहे! बाबू लोकांना शिकवते, मशीन कशी वापरावी, कुठं तिचं ऐकू नये. ही वहीही तिनंच दिली, एकटी बसतेस तर लिहीत जा म्हणून.

मी सारं सांगतलं. ती ऐकत होती. मध्ये म्हणाली, "जेवलीस का?" सांगतलं जेवली. पुन्हा दोन मिनिटांनी, "जेवलीस का आजी?"

मग समजावून सांगतलं तिनं. म्हणे मोबाइलवरून लोक एकच पत्र हजारदा पाठवतात, पुढाऱ्यांची पोरं पाठवायले लावतात. म्हणून मशीन सारखे कागद शोधून एका गठ्ठ्यात बांधते.

"मग गठ्ठा सोडून पाहत नाही कोणी?"

"पाहतात ना."

"कोण?"

"आजी, कुकर झाला माझा. ठेवते."

पोरीचं लक्ष कुठं असते कोणास ठाऊक. काम फार टाकतात तिच्यावर.

२१ ऑगस्ट

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तीन गोष्टी विचारल्या. मशीननं काय लिहिलं? ते कोणत्या माणसानं पाहिलं? किती वेळ पाहिलं?

ललित म्हणतो, "आजी, तिसरं खोडा, असं नसते विचारत."

मी म्हटलं, "विचारत नसतील. मी विचारलं."

२६ ऑगस्ट

डोक्यात आलं की पुन्हा लिहू. या वेळी मजकूर माझा नाही, जिचा तिचा. घरोघरी जाऊन सांगतलं — तुम्ही बोला, मी तसंच उतरवते. त्रेचाळीसपैकी नऊ आल्या. बाकीच्यांना सीरियल होती.

रागिणीले सातवा महिना आहे. तिनं सांगतलं, "लिहा, रुळावर फाटक पडलं तर मी काय फाटकाजवळ बाळंत होऊ?" लिहिलं. सुभद्राही आली, तोंड वाकडं करत. म्हणे, "मले कोनता रोग नाई. पन तिथली नर्स माहं आयकते. घरी कोनी आयकत नाई. हे नोको लिहू." मी लिहिलं. तिनं वाचायले लावलं, ऐकलं, मग अंगठा दिला.

दुर्गाबाई म्हणे, "लिही — साहेब, तुमी एक पाय बांधून चार किलोमीटर येऊन दाखवा, मंग मी हरकत वापस घेतो."

"असं नाही लिहीत वं दुर्गे."

"काहून? आता मनचंच लिहायचं हाय ना?"

लिहिलं.

मग माझी स्वतःची लिहायले बसली. 'महोदय' लिहिलं आणि पुढं सुचेचना! तासभर बसली. मले साखर नाही, बीपीची गोळी कुठंही भेटते. खरं काय आहे ते असं आहे की दवाखान्यापुढच्या बाकावर मी रोज दहा ते बारा बसते. माणसं येतात. कोणाचं लेकरू रडते, कोणी पत्ता विचारते, कोणी म्हणते सरका आजी. घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत तेवढंच बोलणं. हे सरकारले कसं सांगू?

नाही लिहिली. नऊच नेल्या. ललितनं घेतल्या नाहीत. मुदत संपली.

४ सप्टेंबर

रश्मी अकोल्याले आली होती! इथल्या बाबूंना शिकवायले. मले काल फोनवर सांगतलं, तेही जाताजाता. मी भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी डब्यात घेतली आणि हॉलवर गेली. शिपायानं अडवलं. म्हटलं, शिकवणाऱ्या मॅडमची आजी आहो. सोडलं. मागच्या खुर्चीवर बसली.

काय बोलते पोरगी! साधं, स्वच्छ. पडद्यावर चित्रं दाखवत होती. म्हणाली, मशीन सुचवते, ठरवतो माणूस. मशीन चुकली असं सांगून हात झटकता येणार नाही. तो जाडा बाबू म्हणाला, "म्हणजे मॅडम, बरोबर आलं तर मशीन हुशार, चुकलं तर आमी गधे!" सारे हसले, तीही हसली. ललितनं विचारलं, "आणि कागद आपल्या ओळखीच्याचा निघाला तर?" ती म्हणाली, "तर आपण निर्णय घ्यायचा नाही. साहेबांना सांगून दुसऱ्याकडं द्यायचा." मग पाणी पिली. बाटली अर्धी केली.

शेवटी म्हणाली, कोणाले प्रश्न? मी हात वर केला. तिनं पाहिलं. मी उभी राहिली. "आमच्या त्रेचाळीस हरकतींची एक केली. तुमी म्हणता ठरवतो माणूस. तो माणूस कोन?"

रश्मीचं तोंड उतरलं. मले वाटलं, आपली आजी लोकांत उभी राहून वऱ्हाडी बोलली, लाजली पोरगी. साहेब म्हणाले, "आजी, हा आजच्या प्रशिक्षणाचा विषय नाही."

"मंग कोनत्या दिवशीचा हाय?" मी म्हटलं.

बाहेर डबा दिला तिले. घेतला. "घरी चल, चहा घे." नाही म्हणाली, पाचची गाडी आहे. मी म्हटलं सहाचीही आहे, सातचीही आहे. "आजी, नको ना." पाया पडली आणि गेली. वीस मिनिटांवर घर आहे. तिची उशी मी उन्हात टाकली होती.

१८ सप्टेंबर

टेम्पो आला. वजनाचा काटा, पडदे, औषधाचं कपाट, सारं भरलं. नर्स जाताना रडली. बाकही नेला.

२ ऑक्टोबर

सारी वस्ती नागपूरले गेली, दीक्षाभूमीवर. पहाटे पाच वाजता दोन गाड्या भरून. मीही दरवर्षी जाते. या वेळी नाही गेली. दुर्गाबाईले उठता येत नाही, ताप आहे. पूर्ण गल्लीत आम्ही दोघी आणि कुत्रे.

नव्या दवाखान्यात ती एकदाच गेली, ऑटोनं. दोन तास रांगेत होती. मग म्हणे मी नाही जात. पट्टी मी बदलली आज. करंगळी काळी पडली आहे. वासही येते. तिले सांगतलं नाही, पण तिलेही नाक आहे.

"सुंदराबाई, तुले नागपूर चुकलं माह्यामुळं."

"गर्दी असते तिथं," मी म्हटलं.

तिची पोरगी प्रतीक्षा परतवाड्याले असते. तिले फोन केला.

९ ऑक्टोबर

करंगळी काढली. मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाला, पट्टी वेळेवर होत राहिली असती तर बोट राहिलं असतं. प्रतीक्षानं हे मले दोनदा सांगतलं. दोन्ही वेळा माझ्याकडं पाहून.

आज तिले परतवाड्याले घेऊन गेली, कायमचं. दुर्गाबाई गाडीत बसून म्हणाली, "माही कढई तुह्यापाशी हाय, राहू दे." दार लागलं. मी हात करणार होती तर गाडी निघाली.

एकोणतीस वर्षांची भिंत आहे आमची. तिकडून खोकला ऐकू आला की मी इकडून ओरडायची, "मेली का?" ती म्हणायची, "नाई अजून."

१२ ऑक्टोबर, रविवार

आज कोणाशीच बोलली नाही. रश्मीचा फोनही नाही. सलग तिसरा रविवार.

१६ ऑक्टोबर

माहितीच्या अधिकाराचं उत्तर आलं. तीस दिवसांचा नियम आहे. छप्पन दिवस लागले. चश्मा पुसून तीनदा वाचलं.

पहिल्याचं उत्तर — मशीननं लिहिलं होतं, "मजकूर व हस्ताक्षर एकसारखे. सह्या व अंगठे वेगवेगळे. एकाच व्यक्तीने इतरांसाठी लिहून दिलेले असू शकतात. निर्णयापूर्वी माणसाने प्रत्यक्ष पाहावे."

म्हणजे तिनं बरोबर ओळखलं! एकीनं लिहून दिलं, अंगठे वेगळे — हेच तर मी दोन महिने साऱ्यांना ओरडून सांगून राहिली! तिनं म्हटलं होतं, माणसानं पाहा. आणि मी तिलेच शिव्या घातल्या. घरात एकटी बसून, मोठ्यानं. पटत नाही पण लिहिते — चुकली मी.

तिसऱ्याचं उत्तर — "पडताळणीस लागलेला वेळ : अकरा सेकंद." ललित म्हणाला होता खोडा म्हणून.

अकरा सेकंद. त्रेचाळीस बायांना. एवढ्या वेळात दुर्गाबाईच्या पट्टीची गाठही सुटत नाही.

दुसऱ्याचं उत्तर दिलं नाही. म्हणे माणसाचं नाव ही वैयक्तिक माहिती आहे. पण सोमवारी, सत्तावीस तारखेले आमच्या हरकतींवर सुनावणी ठेवली आहे, संबंधित कर्मचाऱ्याले तिथं हजर राहायले सांगतलं आहे. येऊ दे. पाहते मी त्याले. काय खाऊन बसला होता खुर्चीवर तेही विचारते!

परतवाड्याले फोन केला. दुर्गाबाई म्हणाली, "येतो मी. टेकत टेकत येतो. त्याचं थोबाड पाहाचं हाय मले."

१९ ऑक्टोबर, रविवार

रश्मीचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "आजी, तो माणूस मी आहो."

म्हणाली, गठ्ठा उघडला तर पहिल्याच कागदावर तुझं अक्षर. वेगवेगळ्या धरल्या तर हापीस म्हणंल आजीच्या वस्तीसाठी केलं. दुसऱ्याकडं द्यावं तर कोणाची आजी ते सांगावं लागंल. नवीन नोकरी. "वाचल्या नाही मी आजी. एकही नाही. 'एकच' दाबलं अन् बंद केलं." रडत होती. मग विचारलं, "सुनावणीत तू काय सांगशील?"

मी काही सांगणार नाही. अर्ज माझा आहे, उत्तर माझं नाही. तिले म्हटलं — रडणं झालं की तोंड धू. सत्तावीसले सकाळच्या गाडीनं ये, उतरून आधी घरी ये. साहेब तुझ्यासाठी बोलायले लागले तर त्यांना बसव. मशीनचं नाव काढायचं नाही. दुर्गाबाई परतवाड्याहून येणार आहे, पुढच्या खुर्चीवर बसंल. तिच्याकडं पाहून, उभी राहून, उत्तर तूच द्यायचं.